रात्री बोललेलं

'नाइटलाइफ' या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. 'रात्रजीवन' म्हटलं तर शास्त्राच्या पुस्तकातला घुबडावरचा धडा वाटतो. 'निशाचर' हा शब्द आपण राक्षसांना देऊन टाकला आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या अनिवासी भागांतली काही दुकानं आणि हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनीही मथळ्यात सरळ 'नाइटलाइफ' असंच छापलं होतं. हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर काय येतं? रंगीत दिवे, मोठ्यानं वाजणारं संगीत, नटूनथटून निघालेली तरुण मंडळी. म्हणजे घराबाहेर पडलेली माणसं. पण त्यांना दार उघडायला घरात कुणीतरी जागं असतंच की! त्याची रात्र या शब्दात बसते का?

आज ज्या अल्बमबद्दल लिहायचं आहे, त्याचं नावच 'नाइटलाइफ'. 'पेट शॉप बॉइज' या इंग्रज जोडीचा हा अल्बम ऑक्टोबर १९९९ मध्ये आला. आता मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, उभा जन्म शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलेल्या माझ्यासारख्या बाईचा या नाचाच्या संगीताशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध झोपेचा आहे. म्हणजे ती न येण्याचा! २०१९ मध्ये आमचे हे गेले, तेव्हापासून मला रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. टीव्ही लावला तर शेजारच्यांची झोपमोड, वाचायला घेतलं तर डोळे दुखतात. मुलानं कॉलेजात असताना जमवलेल्या सीडींचं एक खोकं माळ्यावर होतं. ते काढलं, हेडफोन शोधला आणि एकेक सीडी ऐकत गेले. त्यात या नावाची सीडी हाताला लागली आणि मला हसूच आलं. म्हटलं, नाइटलाइफ तर माझंही चाललंय!

इंग्रजी गाणं ऐकताक्षणी कळावं इतकं माझं इंग्रजी नाही. पण यातला गाणारा नील टेनंट एकेक शब्द असा सुटा आणि स्वच्छ उच्चारतो, की तास घ्यायला उभा असल्यासारखा वाटतो. नातीनं गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून दिले. शेजारी वीरकरांची जुनी डिक्शनरी घेऊन बसले. गंमत म्हणजे डिक्शनरी फारशी लागलीच नाही. शब्द सोपेच आहेत. अवघड आहे ती त्या शब्दांमागची परिस्थिती, आणि ती मला डिक्शनरीशिवाय कळत होती.

आधी या दोघांची थोडी ओळख करून देते. टेनंटचा जन्म १९५४ चा, इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसलजवळच्या नॉर्थ शील्ड्स गावचा. म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पदवी इतिहासाची! (हे वाचल्यावर माझं मत आणखी चांगलं झालं, हे कबूल करते.) पुढे तो 'स्मॅश हिट्स' नावाच्या संगीताच्या मासिकात काम करत होता. दुसरा ख्रिस लो, १९५९ चा, ब्लॅकपूलचा. तो लिव्हरपूलला वास्तुशास्त्र शिकत होता, आणि शिकाऊ असताना त्यानं मिल्टन कीन्स इथल्या एका इमारतीचा जिना केला होता. १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानात दोघांची गाठ पडली. तिथून जे सूत जुळलं ते आजतागायत. एक जण गातो, बोलतो, मुलाखती देतो. दुसरा टोपी नाहीतर काळा चष्मा घालून कीबोर्डमागे गप्प उभा असतो, हसतसुद्धा नाही. मी या जोडीचे जुने व्हिडिओ पाहिले तेव्हा मनात आलं, आपल्याकडचे कितीतरी संसार असेच तर चालले. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं गप्प राहायचं, आणि तरी सूर मात्र चुकायचा नाही.

त्यांचं 'वेस्ट एंड गर्ल्स' हे गाणं जानेवारी १९८६ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतही. तेव्हापासूनच लंडनची रात्र हा त्यांचा विषय. पण 'नाइटलाइफ' आला तेव्हा टेनंट पंचेचाळीस वर्षांचा होता आणि लो चाळिशीला टेकलेला. मला हे वय फार महत्त्वाचं वाटतं. विशीतला मुलगा रात्रीबद्दल गाणं लिहील तर तो नाचण्याबद्दल लिहील. पंचेचाळिशीतल्या माणसानं दोन्ही बाजू पाहिलेल्या असतात. तो नाचून घरी परतलेला असतो आणि कुणाच्या तरी परतण्याची वाटही पाहून झालेली असते. शिवाय या दोघांच्या पिढीनं ऐंशीच्या दशकात एड्समुळे आपली माणसं गमावली होती. टेनंटनं अशाच एका गेलेल्या मित्राच्या आठवणीत 'बीइंग बोअरिंग' हे गाणं लिहिलं, ते १९९० मध्ये आलं. ज्या जागी आपण तरुणपणी नाचलो, तिथे पुन्हा गेलं की कोण कोण नाही हे मोजलं जाणारच.

आणि १९९९ चं लंडन म्हणजे सगळा आनंदीआनंद होता असंही नाही. त्याच वर्षी ३० एप्रिलच्या संध्याकाळी सोहो भागातल्या 'अ‍ॅडमिरल डंकन' या समलिंगी मंडळींच्या पबमध्ये खिळे भरलेला बाँब फुटला. तीन जण गेले, कित्येक जण कायमचे जायबंदी झाले. अल्बममध्ये या घटनेचा उल्लेख नाही. पण ज्या रात्रीबद्दल ही गाणी आहेत, ती रात्र अशी होती. लपायची जागाही तीच आणि जिवाला भीतीही तिथेच.

आता गाण्यांकडे वळू. एकूण बारा गाणी. संगीताचा साज चढवायला त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांना हाताशी धरलं. क्रेग आर्मस्ट्राँग हा सिनेमासाठी भरघोस वाद्यवृंद लिहिणारा स्कॉटिश संगीतकार, 'फेथलेस' गटातला रोलो आणि न्यूयॉर्कचा डीजे डेव्हिड मोरालेस. त्यामुळे एका गाण्यात व्हायोलिनांची लाट येते, दुसऱ्यात छातीत धडधडणारा ठेका. 'न्यूयॉर्क सिटी बॉय' हे सगळ्यांत धमाल गाणं. घरात कंटाळलेला एक पोरगा, आणि बाहेर शहर हाक मारतंय. पुरुषांचा दणदणीत कोरस सत्तरच्या दशकातल्या 'व्हिलेज पीपल' गटाच्या वळणाचा आहे. व्हिडिओत तर १९७७ मध्ये सुरू झालेल्या 'स्टुडिओ ५४' या गाजलेल्या क्लबचा काळच उभा केला आहे. हे गाणं लागलं की मीसुद्धा अंथरुणात पायाचा अंगठा हलवते.

पण हे एक गाणं बाजूला ठेवलं तर ध्यानात येतं, की नाइटलाइफ नावाच्या या अल्बममध्ये मजा करणारी माणसं फारशी नाहीतच! पहिल्याच गाण्यात कुणीतरी कुणाला तरी विनवतंय, तुझ्याच भल्यासाठी आज रात्री माझ्याकडे ये. एका गाण्यात दोन माणसं एकमेकांवर संशय घेऊन घेऊन थकली आहेत. आणखी एकात प्रश्न पडलाय, की त्याच्या आयुष्यात मी एकटाच आहे, की आणखीही कुणी आहे. एक गाणं रक्तपिपासूंवर आहे, 'व्हॅम्पायर्स'. म्हणजे निशाचरांना इथेही जागा मिळाली आहेच. नाचणारी माणसं खिडकीतून दिसावीत तशी दूर दिसतात, आणि गाणारा मात्र फोनजवळ बसलेला असतो. ठेका क्लबातला, पण शब्द घरात जागत बसलेल्या माणसाचे. अशी ही सांगड आहे. मला वाटतं या अल्बमचं सगळं मर्म यात आहे.

'हॅपिनेस इज अ‍ॅन ऑप्शन' नावाचं एक गाणं आहे. त्याची सुरावट रशियन संगीतकार रखमानिनॉफच्या 'व्होकलिझ' वरून घेतली आहे. १९१५ च्या सुमाराची ही रचना मुळात शब्दांशिवाय गायची. गायिकेनं एकच स्वर धरून सगळं गाणं आळवायचं, आपल्या आकारातल्या आलापीसारखं. इथे टेनंट कडवी जवळजवळ बोलतो आणि ती शंभर वर्षांपूर्वीची शब्दहीन व्यथा एक गायिका शब्द घालून गाते. आनंद हाही एक पर्याय आहे, असं शीर्षक म्हणतं. पर्याय! वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेतल्या चार पर्यायांपैकी एक असावा तसा. पण ती सुरावट ऐकताना वाटतं, की हा पर्याय निवडणाऱ्याचा हात थरथरतोय.

आता ज्या गाण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. पाचवं गाणं, नाव भलंमोठं, 'यू ओन्ली टेल मी यू लव्ह मी व्हेन यू आर ड्रंक'. दारू प्यायल्याशिवाय तुझ्या तोंडून 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे निघत नाही, अशी ही तक्रार. चाल नाचाची नाही, संथ आहे. भांडणाचा सूर तर मुळीच नाही. जानेवारी २००० मध्ये हे गाणं वेगळं काढलं, तेव्हा ते इंग्लंडात आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे ही तक्रार तिकडेही बऱ्याच घरांतली असणार.

मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि मशीन बंद करून बसून राहिले.

आमचे हे अतिशय सज्जन, कामाला चोख, मितभाषी. दिवसा माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. गॅस संपलाय का, अमक्याकडच्या लग्नाला आहेर किती करायचा, पोराची फी भरली का. नेहमी पिणारे नव्हते. पण वर्षातून चार-सहा वेळा कचेरीतल्या मित्रांबरोबर बसणं व्हायचं आणि त्या रात्री घरी यायला बारा-साडेबारा वाजायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी जिन्यावरची पावलं ऐकत पडलेली असायचे. दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली की समजायचं, आज घेतलेली आहे, दम खातायत. मग आत येऊन, चप्पल नीट कोपऱ्यात ठेवून, पलंगाच्या कडेला बसून हे बोलायला लागत. तू होतीस म्हणून माझं निभावलं, म्हणत. माझ्या आईचं तू केलंस ते पोटच्या पोरीनं केलं नसतं. एकदा म्हणाले, शाळेतून येताना तू गल्लीच्या तोंडाशी दिसलीस की मी गॅलरीतून आत जातो, तुला कळू नये म्हणून. रोज बघत उभा असतो.

सकाळी वर्तमानपत्र, चहा, आंघोळ. आदल्या रात्रीचं काही नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "रात्री काय म्हणालात, आठवतंय का?" ह्यांचा चेहरा पडला. "काही वेडंवाकडं बोललो का?" मी म्हटलं, "नाही हो." विषय तिथेच संपला.

त्या गाण्यानं माझ्या ध्यानात आणून दिलं ते हे. नशेत माणूस बोलतो ते खोटं असतं असं आपण म्हणतो, किंवा उलट, तेव्हाच खरं बोलतो असं म्हणतो. पण खरं-खोटं हा प्रश्न बोलणाऱ्यापुरता झाला. ऐकणारा शुद्धीवर असतो. बोलणारा सकाळपर्यंत विसरतो आणि ऐकणाऱ्याला ते सगळं एकट्यानं सांभाळावं लागतं. दिवसाउजेडी त्याचा उच्चार करायची सोय नाही, आणि विसरताही येत नाही. बँकेत पैसे आहेत, पण पासबुक दुसऱ्याच्या नावावर, अशी काहीशी गत. गाणं त्या शुद्धीवर असणाऱ्या माणसाच्या बाजूनं लिहिलेलं आहे. रात्रीवरची गाणी मी आपल्याकडचीही पुष्कळ ऐकली, पण या माणसाची बाजू घेणारं गाणं मला वयाच्या सत्तरीनंतर भेटलं, तेही परक्या भाषेतलं.

पुढचं सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगते. २००८ मध्ये ह्यांना हृदयाचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी दारू कायमची बंद केली. ह्यांनी ती एका दिवसात सोडली, पुन्हा थेंबाला शिवले नाहीत. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, त्यात काही खोटं नाही. त्यामुळेच तर आणखी अकरा वर्षं मिळाली. पण त्या अकरा वर्षांत ते शब्द मी पुन्हा ऐकले नाहीत. माझी सकाळची गोळी काढून ठेवायचे, पावसाळ्यात माझी छत्री उघडून वाळत घालायचे. या सगळ्याचा अर्थ मला कळत होता. माणसानं कृतीतून दाखवावं, बोलून काय होतं, असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. तरी कान आपली वाट पाहतोच. कानाला छत्री पाहून समाधान होत नाही!

असो. फार माझंच झालं.

अल्बममध्ये आणखी एक गाणं आहे, ते बाप आणि मुलीचा संवाद आहे. 'इन डिनायल'. मुलीचा आवाज काइली मिनोग या ऑस्ट्रेलियन गायिकेचा. बाप रात्री काम करतो, दिवसा झोपतो, सगळं आयुष्य उलटं टांगलेलं. तो समलिंगी आहे, हे मुलीला ठाऊक आहे. ती त्याला विचारते आहे, तू हे सगळं नाकारत का जगतोस? इथे पुन्हा तेच. पोरगी शुद्धीवर आहे आणि बाप टाळतोय. हे गाणं त्यांच्या 'क्लोजर टू हेवन' या संगीतिकेतलं. जोनाथन हार्वे या नाटककारानं लिहिलेली ही संगीतिका २००१ मध्ये लंडनच्या आर्ट्स थिएटरमध्ये आली.

मी शिक्षिका असल्यामुळे एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते. इंग्लंडात १९८८ मध्ये 'सेक्शन २८' नावाचं कलम आलं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा पुरस्कार करू नये, शाळांतून असं नातं म्हणजे कुटुंबच असं शिकवलं जाऊ नये, असा त्याचा आशय. स्कॉटलंडमध्ये ते २००० मध्ये आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ मध्ये रद्द झालं. म्हणजे हे गाणं आलं, तेव्हा त्या मुलीसारखी एखादी मुलगी इंग्लंडातल्या वर्गात बसून आपल्या बापाबद्दल काही विचारती, तर बाईंना उत्तर देण्याची धास्ती वाटली असती. वर्गात बोलायची चोरी, घरात बोलायची चोरी. मग उरते ती रात्र आणि गाणं. टेनंटनं स्वतःबद्दल १९९४ मध्ये एका मासिकात उघडपणे सांगितलं. त्यानंतर पाच वर्षांनी त्यानं हा बाप गायला, याला माझ्या लेखी मोल आहे.

या अल्बमनंतर त्यांनी जो जगभर दौरा केला, त्याचा रंगमंच झाहा हदीद यांनी रचला होता. बगदादमध्ये जन्मलेल्या, पुढे २००४ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळालेल्या वास्तुशिल्पी. जिना बांधून सुरुवात केलेल्या त्या अबोल ख्रिसला केवढा आनंद झाला असेल! अर्थात चेहऱ्यावर त्यानं तो दाखवला नसणारच.

ही जोडी अजून गाते आहे. २०२४ मध्ये त्यांचा 'नन्दलेस' नावाचा अल्बम आला, त्यात 'न्यू लंडन बॉय' असं एक गाणं आहे, लंडनला नव्यानं आलेल्या तरुण टेनंटच्या आठवणींचं. त्याच वर्षी टेनंटला सत्तर पूर्ण झाली. सत्तरीत माणसानं नाचाची गाणी करावीत का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जरूर करावीत. नाचताना माणूस एकटा नसतो, म्हणून तर दुःखाला ठेका लावायचा.

'नाइटलाइफ' ऐकायचा असेल तर बाराही गाणी ओळीनं ऐका, आणि शेवटचं चुकवू नका. त्याचं नाव 'फूटस्टेप्स'. पावलं. सगळा गोंगाट ओसरलेला असतो आणि एक माणूस कान देऊन बसलेला असतो, परिचयाची पावलं वाजतात का ते ऐकत. मला त्या गाण्याचा अर्थ लावायला वीरकरांची गरज पडली नाही. आजही जिन्यात कुणाची पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली, की मी ती पुन्हा सुरू होईपर्यंत थांबते.